न पेरता उगवणाऱ्या वेली: गणेशवेल, काळा दाणा आणि गोकर्णीचा इतिहास



भादवा आला की आपल्या परभणी जिल्ह्यात आखाड्याच्या कुंपणावर, विहिरीच्या कठड्याला, शाळेच्या जाळीला लाल चांदण्या दिसायला लागतात. ती गणेशवेल. तिच्या शेजारी कुठं निळ्या भोंग्यांची काळ्या दाण्याची वेल, कुठं गाईच्या कानासारख्या फुलाची गोकर्णी. यातली एकही कुणी पेरत नाही, कुणी तिला खत घालत नाही. उन्हाळ्यात त्या जागी वाळलेल्या काड्या उरतात, आणि मृगाचा पाऊस झाला की त्याच जागी पुन्हा हिरवं होतं.

या वेलींबद्दल शेतकरी दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला प्रश्न घरच्या बायांचा असतो: दारातली वेल यंदा कमी आली, ती टिकवायची कशी? दुसरा वावरातला: सोयाबीनला वेलीनं वेढलं, ती घालवायची कशी? दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, या वेलींच्या बियात. आणि ते बी समजून घ्यायचं तर त्या इथं कशा आल्या, कुणी आणल्या आणि आपल्या काळ्या मातीत कशा मुरल्या, हे बघावं लागतं. आजची नोंद म्हणून जरा लांब आहे. निवांत वाचा.

परत येण्याचे दोन रस्ते

दरवर्षी परत येणारी प्रत्येक वेल एकाच रस्त्यानं येत नाही.

चांदवेल घ्या. काही गावांत तिला हरणखुरी म्हणतात. पांढरं-गुलाबी छोटं फूल, पान हरणाच्या खुरासारखं. ती मुळावरून येते. मूळ खोल जातं, कोळप्यानं वरचं कापलं तरी खालून पुन्हा फुटते, आणि नांगरटीत मुळाचे तुकडे झाले तर तुकड्यांचीही रोपं होतात. तिचा हिशोब बियापेक्षा मुळाशी जास्त.

गणेशवेल आणि काळा दाणा यांचं उलटं आहे. त्या एका हंगामाच्या वेली. पावसात उगवल्या, दिवाळीच्या आगंमागं बी धरलं, हिवाळ्यात मेल्या. मूळ मेलं, वेल मेली, पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहिलं ते फक्त बी. गोकर्णी मधली: वर वाळते पण बुडखा जिवंत राहतो, आणि शेंगा तडकून बीही पडतं. म्हणून ती दोन्हीकडून येते.

हा फरक ध्यानात ठेवा. मुळावरून येणारी वेल आणि बियावरून येणारी वेल यांचा बंदोबस्त वेगळा, आणि जोपासनाही वेगळी.

गणेशवेल कुठून आली

गणेशवेलीचं शास्त्रीय नाव आयपोमिया क्वामोक्लिट. नावात गणेश, पूजेत फूल, पाच टोकांची लाल चांदणी. त्यामुळं ती आपली जुनीच असणार असं सगळ्यांना वाटतं. पण ती मूळची उष्ण अमेरिकेतली आहे. तिची जवळची भावकी तिकडंच रानात सापडते. आपल्या कुंपणावर पावसाळ्याच्या शेवटी बदामाच्या आकाराच्या पानाची आणि केशरी-लाल नळीसारख्या फुलाची लाल पुंगळी फुलते, तीही याच भावकीतली आणि तीही अमेरिकेचीच.

ती इकडं कधी आली? तारीख सांगता येत नाही, पण एक भक्कम खूण आहे. १७ व्या शतकात कोचीनला डच कंपनीचा हेंड्रिक व्हान ऱ्हीडे हा अधिकारी होता. त्यानं मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ नावाचा १२ खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन नावाच्या मलयाळी वैद्यानं माहिती दिली, आणि रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी पंडितांनीही. या तिघांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे. या ग्रंथाच्या ११ व्या खंडात गणेशवेलीचं चित्र आहे, आणि तिथं तिला ‘सूर्यकांती’शी जुळणारं मलयाळी नाव आहे.

म्हणजे बघा, १६९० च्या सुमाराला ही अमेरिकन वेल मलबारात एवढी रुळलेली होती की तिला स्थानिक नाव मिळालेलं होतं. पुढं १७५३ साली स्वीडनच्या लिनीयसनं तिला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा तिचं ठिकाण म्हणून त्यानं भारत लिहिलं. ज्या माणसानं जगभरच्या झाडांना नावं दिली, त्यालाही ही वेल भारताचीच वाटली. १८ व्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याचा न्यायाधीश विल्यम जोन्स भारतीय वनस्पतींवर टिपणं लिहीत होता. त्यानं तिचं नाव ‘कामलता’ असं नोंदवलं आणि त्या नावाचं कौतुक केलं. तोपर्यंत तिला संस्कृत नावही लाभलं होतं.

नावं तर किती! हिंदीत कामलता आणि सीताकेश, उर्दूच्या वळणानं इश्कपेचा, तेलुगूत काशीरत्नम, तमिळमध्ये मयिल माणिक्कम. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथं मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी माणसं एकाच बाजारात वावरली. इश्कपेचा हे नाव मोठं मजेचं आहे. अरबी कोशकार ‘इश्क’ या शब्दाचा संबंध ‘अशका’ नावाच्या वेलीशी जोडतात, जी झाडाला विळखा घालते आणि सोडत नाही. सोयाबीन काढताना ज्यांनी ही वेल सोडवली असेल त्यांना हे नाव पटेल.

ही एकटी आली नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, त्यानंतर समुद्रावरून अमेरिकेची किती तरी झाडं इकडं आली. मिरची, मका, भुईमूग, पेरू, सीताफळ, दसऱ्याचा झेंडू, हे सगळे तिकडचेच. आषाढीच्या उपवासाला आपण जे रताळं खातो तेही. आणि रताळं हे गणेशवेलीचं सख्ख्या कुळातलं आहे. दोन्ही आयपोमिया. फुलं शेजारी ठेवली तर भोंग्याची ठेवण लगेच ओळखू येते. कॅनॉलच्या कडेला माजलेलं बेशरम, तेही आयपोमिया आणि तेही अमेरिकेचं. उपवासाचं रताळं, गणपतीची वेल आणि बेशरम ही एकाच घरची तीन लेकरं.

एका बियातून गाव वसतं

जहाजातून आलेली मूठभर बियाणं, कदाचित एखाद-दुसरंच रोप जगलं असेल. तेवढ्यावर अख्खा देश कसा भरला?

याचं उत्तर चार्ल्स डार्विनच्या एका कामात सापडतं. त्यानं याच कुळातल्या आयपोमिया पर्पुरिया या वेलीवर सलग १० पिढ्या प्रयोग केला. एका बाजूला परपरागीत बी, दुसऱ्या बाजूला त्याच फुलाच्या परागानं धरलेलं स्वपरागीत बी. दोन्ही एकाच कुंडीत समोरासमोर लावून उंची मोजली. १८७६ साली त्याचं पुस्तक आलं. १० पिढ्यांचा हिशोब काढला तेव्हा परपरागीत वेली १०० धरल्या तर स्वपरागीत ७७ भरल्या. म्हणजे परपरागाचा जोर जास्त. पण सहाव्या पिढीत एक स्वपरागीत वेल अशी निघाली की तिनं समोरच्या परपरागीत वेलीला मागं टाकलं. डार्विननं तिचं नाव ‘हीरो’ ठेवलं.

आपल्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. स्वपरागीत वेली थोड्या बुटक्या राहिल्या, तरी पिढ्यान्‌पिढ्या बी धरत गेल्या. गणेशवेलही आपल्याच परागावर बी धरू शकते. मधमाशी आली तर उत्तम, नाही आली तरी तिचं अडत नाही. एका बोंडात ४ बिया, काळ्या दाण्याच्या बोंडात ६ पर्यंत. पावसाळाभर रोज नवी फुलं. अशी एक वेल कुंपणाला चढली की पुढच्या वर्षी त्या कुंपणाला कुणी बी टोचायची गरज पडत नाही. सोयाबीनमध्येही हाच हिशोब लागू होतो. वावरात राहिलेली एकच वेल पुरेशी होते.

काळा दाणा: हकिमाच्या डब्यातून

काळ्या दाण्याचं शास्त्रीय नाव आयपोमिया निल. तीन भागांचं पान, सकाळी उमलणारं निळं फूल, दुपारपर्यंत मिटून जातं. नावातला ‘निल’ म्हणजे आपला नीळ. अरबी-फारसीतून युनानी वैद्यकात याचं बी ‘हब्ब-उन-नील’ म्हणून ओळखलं जातं.

या वेलीचा प्रवास फुलासाठी कमी आणि बियासाठी जास्त झाला. बी जुलाबाचं औषध. निजामाच्या राज्यात युनानी वैद्यकाला सरकारी आश्रय होता, आणि जडीबुटीच्या दुकानात काळा दाणा मिळायचा. इंग्रजांनाही विलायतेहून येणाऱ्या महागड्या जुलाबाला इथला स्वस्त पर्याय पाहिजे होता, म्हणून १८६८ साली छापलेल्या भारताच्या औषधकोशात काळा दाणा घेतला गेला.

एक सावधगिरीची गोष्ट इथंच सांगतो. हे बी जोरदार रेचक आहे. लेकरं बोंडं फोडून बी तोंडात घालतात, ते करू देऊ नका. घरच्या घरी औषध म्हणूनही वापरू नका.

हीच वेल चीनमधून औषध म्हणून जपानला गेली, तीही हजार वर्षांपूर्वी. तिथं मात्र तिचं नशीब बदललं. १७ व्या ते १९ व्या शतकात एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, लोकांनी तिच्या फुलांचा छंद धरला. चिरलेल्या पाकळ्यांची, ठिपक्यांची, पिसासारख्या पानांची वाणं त्यांनी निवडून निवडून जपली. तिथं तिला ‘असागाओ’ म्हणतात, म्हणजे सकाळचा चेहरा. टोकियोच्या इरिया भागात आजही जुलै महिन्यात असागाओची जत्रा भरते, आणि लोक कुंड्या विकत घेऊन घरी नेतात. आपल्याकडं जी वेल खुरप्याखाली जाते, तिची तिकडं जत्रा भरते.

तिकडच्या संशोधकांनी या वेलीवर केलेलं काम आपल्या उपयोगाचं आहे. तिच्या ‘व्हायोलेट’ नावाच्या वाणाच्या कोवळ्या रोपाला फक्त एक लांब रात्र मिळाली तरी ते कळी धरायला लागतं. फुलोरा दिवस-रात्रीच्या लांबीवर कसा ठरतो, याच्या अभ्यासात ही वेल जगभर वापरली गेली. आता आपल्याकडचं बघा. परभणीला जूनच्या शेवटी दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, आणि सप्टेंबर लागता लागता तो साडेबारावर येतो. रात्र लांबायला लागली की या वेलींना कळतं, आता वाढ पुरे, बी धरायला लागा. सोयाबीन आणि तूर यांचंही असंच आहे. सोयाबीन उशिरा पेरलं की झाड बुटकंच राहून फुलावर येतं, हे आपण दरवर्षी बघतो. तण आणि पीक एकाच घड्याळावर चालतात. म्हणूनच सोयाबीन पक्व होतं त्याच सुमाराला वेलीची बोंडंही पिकतात, आणि दोन्ही एकदमच मळणी यंत्रात जातात.

गोकर्णी: घरचीच, पण दुर्लक्षित

गोकर्णी वरच्या दोघींच्या कुळातली नाही. ती हरभरा-तुरीच्या घरची, द्विदल. शास्त्रीय नाव क्लायटोरिया टर्नेटिया. त्यातलं दुसरं नाव टर्नेट या बेटावरून आलं. हे बेट आज इंडोनेशियात आहे आणि एके काळी लवंगेसाठी त्याच्यावर लढाया झाल्या. लिनीयसनं १७५३ मध्ये ते नाव दिलं. पण आपल्याकडं तिला त्याच्याही आधीपासूनची नावं आहेत: गोकर्णी, अपराजिता, विष्णुक्रांता. दसऱ्याला अपराजिता पूजन असतं, त्यातलं नाव हेच. निळी आणि पांढरी अशा दोन्ही दारोदार दिसतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं या तिघींत गोकर्णीच जास्त मोलाची. मुळावर गाठी असतात, हवेतलं नत्र जमिनीत धरते. जनावरं आवडीनं खातात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात आपल्यासारखीच भेगाळणारी काळी जमीन आहे. तिथं १९९० च्या सुमाराला चाऱ्यासाठी तिचं ‘मिलगारा’ हे वाण काढलं गेलं. आपल्याकडं झाशीच्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेनं आणि जोधपूरच्या काझरीनं चाऱ्याच्या अंगानं तिच्यावर काम केलेलं आहे.

आणखी एक गोष्ट कापूसवाल्यांसाठी. गोकर्णीच्या अंगात गोलाकार प्रथिनं असतात, म्हणजे अशी साखळी जिची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली असतात. ती किडीला मारक ठरतात. ऑस्ट्रेलियात गोकर्णीच्या अर्कापासून कापसावरच्या किडींसाठी ‘सेरो-एक्स’ नावाचं उत्पादन नोंदणी होऊन बाजारात आलं. आता लगेच पानं वाटून फवारू नका. त्या उत्पादनाचं प्रमाण, काढण्याची पद्धत आणि चाचण्या वेगळ्या आहेत, आणि आपल्या गुलाबी बोंडअळीवर हा उपाय आहे असं मी म्हणत नाही. सांगायचं एवढंच की जी वेल आपण धुऱ्यावरून उपटून फेकतो, तिच्यावर दुसऱ्या देशात कारखाना उभा राहिला. फुलाच्या निळ्या रंगाचंही तेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२१ मध्ये गोकर्णीच्या फुलाचा अर्क खाण्याचा रंग म्हणून मंजूर केला. गरम पाण्यात फूल टाका, पाणी निळं होतं. त्यात लिंबू पिळा, जांभळं होतं. लेकरांना करून दाखवा.

काळी माती ही या वेलींची बँक

आता मूळ मुद्दा, या परत येतात कशा.

तिघींच्या बियाचं कवच कठीण असतं. बी पिकून वाळलं की कवचातून पाणी आत जात नाही. ओल कितीही असो, आत कोरडंच. म्हणून दिवाळीनंतर अवकाळी पाऊस पडला तरी सगळं बी उगवून हिवाळ्यात फुकट जात नाही. उन्हाळ्यात दिवसा जमीन तापते, रात्री निवते. असं महिनोन्‌महिने तापणं-निवणं झालं की काही बियांच्या कवचाची जागा सैल पडते. मग मृगाच्या ओलीत पाणी शिरतं आणि मोड येतो. पण सगळ्या बियांचं कवच एकाच वर्षी सैल होत नाही. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही आणखी मागून. एका वर्षी पावसानं दगा दिला, उगवलेली सगळी रोपं मेली, तरी मातीत शिल्लक असते.

आणि आपली माती त्यासाठी अगदी सोयीची. चैत्र-वैशाखात काळ्या रानाला हातभर खोल भेगा पडतात. वरचं बी भेगेतून खाली जातं. पावसात माती फुगते, भेग मिटते, पुन्हा उन्हाळ्यात फाटते. अशी ही जमीन स्वतःच स्वतःला वरखाली करते. खाली गेलेलं बी नांगरटीनं किंवा या उलथापालथीनं कधी तरी पुन्हा वर येतं. म्हणून तीन वर्षं वेल दिसली नाही म्हणजे ती संपली असं धरू नका.

पेरणीसाठी गोकर्णीचं बी आणलं आणि उगवलंच नाही, अशी तक्रार ऐकू येते ती याच कवचामुळं. बी वाळूत घालून चोळा, किंवा कोमट पाण्यात रात्रभर भिजवून फुगलेलं तेवढं पेरा. न फुगलेलं पुन्हा चोळा.

कुंपण बदललं, वेलीचं घर बदललं

जुन्या काळी आखाड्याला बोराटीचं, बाभळीच्या फांद्यांचं काटेरी कुंपण असायचं. दरवर्षी त्यावर नवे काटे पडायचे, बुडाशी पालापाचोळा साचायचा. त्या जागी औत जात नव्हतं, खुरपं जात नव्हतं. वेलीला चढायला काटे, बी पडायला पाचोळा. परसात लेकीबाळी फुलं तोडायच्या, पण बोंडं राहायची. धुरेही रुंद होते. मराठवाड्यातल्या सगळ्या वनस्पतींची पद्धतशीर सूची व्ही. एन. नाईक यांनी ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ या ग्रंथात १९९८ साली छापली. १९७२ पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या आणि सगळीकडच्या शेतीशास्त्राच्या पुस्तकांत या वेली भेटतात त्या बहुतेक तणांच्या यादीत. दारातली शोभा म्हणून त्यांची नोंद ठेवली ती बायांनी, तोंडी.

गेल्या तीसेक वर्षांत तीन गोष्टी बदलल्या. एक, खरीप ज्वारी गेली, सोयाबीन आलं. ज्वारीच्या ताटाला वेल चढली तरी ताट उंच, कणीस वर. सोयाबीन गुडघा-मांडीएवढं. वेल वर चढून झोप पाडते, उन्हं अडवते, काढणीला हात अडकतो. दोन, खुरपणीला माणूस मिळेना, तणनाशक आलं. तणनाशकातून मागं उगवलेली वेल सुटते आणि मोकळ्या रानात एकटीच फोफावते. तीन, काटेरी कुंपण जाऊन तार आली, आणि धुऱ्यावरही तणनाशकाचा हात फिरायला लागला.

परिणाम काय झाला? वेल जिथं पाहिजे होती तिथून, म्हणजे कुंपण, परसबाग आणि धुरा इथून कमी झाली. जिथं नको होती तिथं, सोयाबीनमध्ये, वाढली. कुंपणावर वर्षानुवर्षं बी पडलं नाही म्हणून तिथली शिल्लक आटली. वावरात मळणी यंत्रानं आणि हार्वेस्टरनं बी एका रानातून दुसऱ्या रानात नेलं, म्हणून तिथं ठेव वाढत गेली.

बेशरमची गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघा. ते शोभेसाठी आणि कुंपणासाठीच आणलं होतं. जनावर तोंड लावत नाही, फांदी खोचली की जगते, म्हणून लोकांना बरं वाटलं. आज नाल्यात, तळ्यात, कॅनॉलच्या कडेला तेच आहे, आणि उपासमारीत शेळ्यांनी खाल्लं तर त्यांच्या मज्जासंस्थेला विषबाधा होते. बाहेरून आलेली वेल गणेशवेल ठरणार की बेशरम, हे तिच्या गुणांवर जेवढं असतं तेवढंच आपण तिला कुठं आणि किती पसरू देतो यावरही असतं.

मग करायचं काय

१. रोप ओळखायला शिका. या वेलींची पहिली दोन पानं नंतरच्या पानांसारखी नसतात. गणेशवेलीची पहिली पानं लांब, अरुंद आणि दोन टोकांत फाटलेली, गलोलीच्या बेचक्यासारखी. काळ्या दाण्याची रुंद, मधून खाच असलेली, फुलपाखराच्या पंखासारखी. सोयाबीनच्या दोन जाड डाळिंब्यांपेक्षा लगेच वेगळी दिसतात. याच वेळी कोळपं सगळ्यात स्वस्त पडतं.

२. वावरातली वेल फुलावर येण्याआधी काढा. रात्र लांबायला लागली की कळी धरते, त्यामुळं श्रावण संपायच्या आत एक फेरी मारा. फूल दिसल्यावर उपटली तर बांधावर टाकू नका. हिरवं बोंड असलेली वेल वाळतानाही बी पिकवू शकते.

३. पिकलेल्या बोंडाची वेल उकिरड्यावर घालू नका. नीट न तापलेल्या शेणखतातून तेच बी पुन्हा रानात जातं.

४. हार्वेस्टर किंवा मळणी यंत्र आपल्या रानात शिरण्याआधी झाडून घ्यायला लावा. घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवत असाल तर चाळताना काळे, तीन धारांचे, चंद्रकोरीसारखे दाणे वेगळे काढा.

५. चांदवेलीला हे नियम पुरत नाहीत. तिथं मूळ आहे. वारंवार कापून मुळाचं अन्न संपवावं लागतं, आणि तिचे तुकडे पसरवणारी खोल मशागत टाळावी लागते.

६. आता दारातलं. ज्यांना गणेशवेल पाहिजे त्यांनी कुंपणाच्या एका ठरावीक तुकड्यात ती ठेवावी, वावराच्या विरुद्ध बाजूला. तिथली बोंडं पूर्ण वाळून तिथंच पडू द्या. त्या जागी तणनाशक मारू नका, पाचोळा जाळू नका. वावराकडं झुकलेल्या शेंड्याची बोंडं पिकायच्या आत तोडा. थोडं बी कोरड्या डबीत ठेवा आणि शेजाऱ्याला द्या, म्हणजे एका वर्षी तुमची गेली तर त्याच्याकडून परत येईल.

७. गोकर्णीला धुऱ्यावर जागा द्या. चारा मिळतो, नत्र मिळतं, फुलावर माश्या येतात. जनावरांनी सगळ्याच शेंगा खाल्ल्या तर बी पडत नाही, म्हणून एखादा कोपरा राखून ठेवा.

शेवटचं एक. ‘आपोआप येते’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यामागं कुणी तरी बोंड न तोडलेलं असतं, कुणी कुंपण राखलेलं असतं, कुणी माहेरहून येताना पदराच्या गाठीत चार बिया बांधून आणलेल्या असतात. अमेरिकेहून मलबारात, मलबारातून गावोगाव, ती याच हातांनी आली. ती मातीत किती दिवस टिकेल हे बियाचं कवच ठरवतं. ती दारात राहील की वावरात शिरेल, हे मात्र आपल्या हातात आहे.

तुमच्या गावात या वेलींना काय म्हणतात ते जरूर लिहा. सेलू, जिंतूर, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, प्रत्येक तालुक्यात एखादं वेगळं नाव निघेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा. त्यांच्याकडची नावं लिहून ठेवायला आत्ताच वेळ आहे.

येत्या रविवारी सोयाबीनमध्ये एक फेरी मारा. फूल दिसायच्या आत.